रोजचें वचन आणि रोजचें वर्तमान

सकाळच्या प्रहरीं आपल्या घरांत दोन प्रकारचें वाचन चालतें. देवघरांत वडील मंडळींपैकीं कोणी तरी पूजा आटोपून दासबोधाचा एखादा समास किंवा ज्ञानेश्वरींतील कांहीं ओव्या वाचीत असतात. आणि त्याच वेळीं बाहेर ओटीवर वर्तमानपत्राची घडी उलगडली जाते. आतां तर ती घडी दारांत पडण्यापूर्वींच जगांतल्या लढाया, अपघात, निवडणुका नि बाजारभाव मोबाइलच्या पडद्यावर येऊन दाखल झालेले असतात. देवघर आणि ओटी यांच्यामध्यें अंतर काय तें एका माजघराचें; परंतु या दोन वाचनांची गांठ सहसा पडत नाहीं. पोथी वाचणाऱ्यास बातमी कानीं पडली तर चित्त विस्कटल्यासारखें होतें, आणि बातमी वाचणाऱ्यास पोथी म्हणजे पेन्शनर मंडळींचा विरंगुळा वाटतो. सकाळीं वाचलेली ओवी दुपारच्या व्यवहारांत आपणांस आठवते काय, आणि दुपारीं ऐकलेल्या दुःखवार्तेला संध्याकाळच्या प्रार्थनेंत कांहीं स्थान असतें काय, हा प्रश्न आपण स्वतःस क्वचितच विचारतों.

हा प्रश्न कांहीं आपल्याच घरचा नव्हे. ज्या ज्या समाजांत धर्मग्रंथ नित्य वाचला जातो, तेथें तेथें तो उभा राहतो. जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतांतील हेर्नहूट या लहानशा गांवानें त्यावर जवळजवळ तीनशें वर्षांपूर्वीं एक साधा उपाय काढला. आणि त्या उपायाची अत्यंत कठीण परीक्षा विसाव्या शतकांत एका तरुण जर्मन धर्मोपदेशकाच्या आयुष्यांत झाली. ती हकीकत वाचकांपुढें ठेवावी, असें पुष्कळ दिवस मनांत होतें. धर्म ज्याचा त्यास; पण नित्यनेम कसा असावा, हें दुसऱ्याच्या घरीं पाहूनही शिकतां येतें.

हेर्नहूट वसलें तें १७२२ सालीं. शेजारच्या मोराव्हिया प्रांतांत प्रॉटेस्टंट मताच्या लोकांचा धर्मापायीं छळ होत असे. त्यांतील कांहीं कुटुंबें सरहद्द ओलांडून सॅक्सनींत आलीं, आणि काउंट झिंझेनडॉर्फ या तरुण जहागीरदारानें त्यांस आपल्या जमिनींत थारा दिला. १७ जून १७२२ रोजीं क्रिस्तियान डाव्हिड नांवाच्या सुतारानें वस्तीसाठीं पहिलें झाड तोडलें. गांवाच्या नांवाचा अर्थ 'प्रभूची राखण' असा आहे. निर्वासितांची वस्ती म्हटली कीं मतभेद आलेच. पहिलीं पांच वर्षें आपसांतील वादांतच गेलीं, आणि १७२७ च्या ऑगस्टांत मोठ्या प्रयासानें समेट झाला. समेट झाला खरा, पण तो टिकवावा कसा?

३ मे १७२८ रोजीं सायंप्रार्थनेच्या वेळीं झिंझेनडॉर्फनें जमलेल्या मंडळींना दुसऱ्या दिवसासाठीं म्हणून एक छोटेंसें वचन दिलें. पुढें हा रोजचा परिपाठच पडला. गांवांत त्या वेळीं अवघीं ३२ घरें होतीं. सकाळ झाली कीं मंडळींपैकीं एखादा जण तें वचन घेऊन घरोघर जाई. दारांतूनच वचन सांगून परत फिरावें, असा प्रकार नव्हता. घरांत कोण आजारी आहे, कोणाच्या मनाला काय लागून राहिलें आहे, याची विचारपूस होई. म्हणजे एका हातानें वचन द्यावयाचें आणि दुसऱ्या हातानें त्या घरचें वर्तमान घ्यावयाचें. आपण ज्या दोन गोष्टी देवघर आणि ओटी अशा वांटून टाकल्या आहेत, त्या तेथें एकाच फेरींत होत असत.

या वचनाला जर्मन भाषेंत 'लोझुंग' म्हणतात. हा शब्द मूळचा छावणींतला. रात्रीच्या पहाऱ्यावरील शिपायास जो परवलीचा शब्द दिलेला असतो, तो लोझुंग. नांव मोठें विचारपूर्वक ठेवलेलें दिसतें. परवलीचा शब्द कांहीं अंथरुणांत पडून घोकण्यासाठीं नसतो. काळोखांत समोरून कोणी आलें असतां तो आपला कीं परका हें ओळखावें, आणि आपणही आपली ओळख द्यावी, यासाठीं तो असतो. ज्याला पहाऱ्यावर जावयाचेंच नाहीं, त्याला परवलीच्या शब्दाचा उपयोग तो काय?

१७३१ सालासाठीं हीं वचनें पहिल्यानें पुस्तकरूपानें छापलीं गेलीं, आणि तेव्हांपासून आजतागायत दरवर्षीं तें पुस्तक निघत आलें आहे. आज पन्नासाहून अधिक भाषांत तें प्रसिद्ध होतें. १७३२ पासून हेर्नहूटचे लोक धर्मप्रसारासाठीं दूरदूरच्या देशांत जाऊं लागले. कॅरिबियन बेटांवर गेलेला भाऊ आणि घरीं राहिलेली बहीण यांस पत्र पोहोंचण्यास महिनोन्महिने लागत. पण आज सकाळीं दोघांपुढें तेंच वचन आहे, हें दोघांसही ठाऊक असे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ही मंडळी आपल्याकडे हिमालयांतील लाहूल खोऱ्यांत केलंग येथें आली, आणि १८८५ सालीं त्यांनीं लडाखांतील लेह येथें ठाणें केलें. लेह येथें त्यांची मंडळी आजही आहे.

वचनें निवडण्याची रीत मोठी कुतूहलाची आहे. बायबलच्या जुन्या करारांतील सुमारें अठराशें वचनें निवडून त्यांस क्रमांक दिलेले आहेत. दरवर्षीं हेर्नहूट येथें एका रुप्याच्या पात्रांतून एकेका दिवसासाठीं एकेक चिठ्ठी उचलतात. आणि तीही चालू वर्षासाठीं नव्हे, तर आगाऊ तीन वर्षांनंतरच्या सालासाठीं. निघालेल्या वचनास जुळेल असें दुसरें वचन नव्या करारांतून मागाहून योजितात. त्या दिवशीं जगांत काय घडणार आहे, हें चिठ्ठी उचलणाऱ्यास ठाऊक नसतें आणि वाचणाऱ्यासही नसतें.

येथें वाचकांच्या मनांत शंका येईल कीं, हा तर कौल लावण्याचाच प्रकार झाला. कोंकणांत देवाला कौल लावतात. अडचणीच्या वेळीं पोथी सहज उघडून दृष्टीस पडेल त्या ओळींत उत्तर शोधणारे भाविकही आपण पाहिले आहेत. ही शंका अगदीं निराधार नाहीं. हेर्नहूटच्या लोकांनाही चिठ्ठीची भूल पडली होती. अमक्या मुलीचें लग्न अमक्याशीं करावें कीं नाहीं, हेंसुद्धां ते एके काळीं चिठ्ठी टाकून ठरवीत. पुढें १८१८ सालच्या त्यांच्या महासभेनें सामान्य सभासदांच्या विवाहावरील चिठ्ठीची सक्ती काढून टाकली. परंतु वचनाची चिठ्ठी राहिली. कारण तिचा हेतु निराळा होता. कौल लावणारा आपला प्रश्न घेऊन देवाकडे जातो. रोजचें वचन वाचणाऱ्यास तें वचनच प्रश्न विचारतें, आणि तो प्रश्न त्याच्या आवडीचा नसतो. निवड आपल्या हातीं ठेवली, तर आपण रोज आपल्याला रुचेल तेंच वचन काढून घेऊं. ज्या दिवशीं शेजाऱ्याशीं भांडण झालें, त्या दिवशीं क्षमेविषयींचें पान आपल्या हातीं लागणें कठीणच!

आतां त्या तरुण उपदेशकाकडे वळूं. डिट्रिख बॉनहोफर यांचा जन्म १९०६ सालचा. वडील बर्लिनचे नामांकित मनोविकारतज्ज्ञ. घर सुखवस्तु, सुशिक्षित, भरपूर भावंडांचें. १९३३ सालीं हिटलर अधिकारावर आला, तेव्हां चर्चमध्येंही वंशाभिमानाचें वारें शिरलें. त्यास विरोध करणाऱ्या पाळकांनीं 'कन्फेसिंग चर्च' या नांवानें आपला निराळा संघ उभारला, आणि १९३५ मध्यें त्या संघाच्या होतकरू पाळकांस शिकविण्याचें काम बॉनहोफर यांच्याकडे आलें. हें विद्यालय श्टेटिन शहरानजीक फिंकेनवाल्डे येथें होतें; तो मुलूख आज पोलंडमध्यें आहे.

तेथें त्यांनीं असा नेम घातला कीं, रोज सकाळीं न्याहारीनंतर प्रत्येकानें अर्धा तास मौन धरून बायबलमधील एका लहानशा उताऱ्याचें मनन करावें. उतारा आठवडाभर तोच. त्यावर प्रवचन रचावयाचें नाहीं, टीकाग्रंथ उघडावयाचे नाहींत. केवळ त्या शब्दांपुढें बसावयाचें. विद्यार्थ्यांनीं प्रथम बरीच कुरकुर केली. कोणाला झोंप येई, कोणाचें मन भटके, कोणी म्हणे हा तर मठांतला प्रकार झाला. जपाला किंवा ध्यानाला बसून ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना या तक्रारींचें नवल वाटणार नाहीं. माळेचे मणी पुढें सरकतात आणि मन बाजारांत असतें, हा अनुभव कोणाला नाहीं?

यावर बॉनहोफर यांनीं दिलेला सल्ला लक्षांत ठेवण्यासारखा आहे. १९३९ सालीं प्रसिद्ध झालेल्या सहजीवनाविषयींच्या आपल्या छोट्या पुस्तकांत ते सांगतात कीं, मन भटकलें तर त्याशीं झगडत बसूं नये. तें ज्या माणसाकडे किंवा ज्या घटनेकडे पुनःपुन्हां धांवतें, त्या माणसालाच शांतपणें आपल्या प्रार्थनेंत घ्यावें, आणि मग मूळ वचनाकडे परत यावें. म्हणजे मनाची ही भटकंतीच आपण कोणाची काळजी केली पाहिजे, हें दाखवून देते. त्याच पुस्तकांत त्यांनीं एक इशाराही दिला आहे. रोजचें एकेक सुटें वचन हें सबंध ग्रंथाच्या क्रमशः वाचनाची जागा घेऊं शकत नाहीं. घांसभर प्रसाद खाऊन जेवण झालें असें कोणी समजूं नये. आज आपल्या मोबाइलवर सूर्योदयाच्या चित्रावर छापलेलीं सुवचनें रोज डझनांनीं येतात, आपण तीं दुसऱ्यांकडे धाडतों, आणि धाडणाऱ्यानें वा घेणाऱ्यानें त्यांतील एकही ओळ धड वाचलेली नसते. हा इशारा त्या संवयीलाही तंतोतंत लागू पडतो.

१९३७ सालीं गेस्टापो पोलिसांनीं तें विद्यालय बंद केलें. १९३८ च्या नोव्हेंबरांत ९ तारखेच्या रात्रीं जर्मनीभर ज्यू लोकांचीं शेंकडों प्रार्थनामंदिरें जाळण्यांत आलीं, दुकानें फोडण्यांत आलीं, हजारोंना पकडून छळछावण्यांत डांबण्यांत आलें. दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रें त्या बातम्यांनीं भरलीं होतीं. बॉनहोफर यांचें स्वतःचें बायबल आज उपलब्ध आहे. त्यांत चौऱ्याहत्तराव्या स्तोत्रांत, देवाचीं सारीं सभास्थानें देशांतल्या देशांत जाळलीं गेलीं असा जेथें विलाप आहे, त्या ओळीशेजारीं समासांत त्यांनीं पेन्सिलीनें तारीख लिहून ठेवली आहे: ९-११-३८. ग्रंथाच्या समासांत इतर मंडळी शब्दार्थ लिहितात. यांनीं वर्तमान लिहिलें. जुन्या काळच्या ज्यूंचें दुःख आणि शेजारच्या रस्त्यावरील ज्यूंचें दुःख त्यांनीं एकाच ओळींत वाचलें.

पण येथें एक कटु गोष्टही सांगितली पाहिजे. त्या सकाळीं जर्मनींतल्या असंख्य श्रद्धाळू घरांत नेहमींप्रमाणें वचन वाचलें गेलें असेल, प्रार्थना झाली असेल, आणि मग खिडकीबाहेरचा धूर दिसूं नये म्हणून पडदा ओढला गेला असेल. पुढच्या रविवारीं बहुतेक व्यासपीठांवरून त्या जाळपोळीविषयीं अवाक्षर निघालें नाहीं. खुद्द कन्फेसिंग चर्चनेंही संघ या नात्यानें मौनच पाळलें. नित्यनेम माणसाला आपोआप शहाणा किंवा धीट करीत नाहीं. तोच नेम एकाला जागें करतो आणि दुसऱ्याला सुखाची झोंप आणतो. दोष नेमाचा नव्हे. वाचून झाल्यावर आपण दार उघडतों कीं लावून घेतों, यावर सारें आहे.

१९३९ च्या उन्हाळ्यांत बॉनहोफर यांच्यावर स्वतःवरच ही वेळ आली. युद्ध जवळ आलें होतें, आणि त्यांच्या वयाच्या पुरुषांना सैन्यांत बोलावणें येणार हें दिसत होतें. हिटलरशीं एकनिष्ठ राहण्याची शपथ घेणें त्यांच्या मनाला शक्य नव्हतें. नकार द्यावा तर आपल्यामुळें साऱ्या संघावर सरकारची वक्रदृष्टि होईल, ही भीति. अमेरिकेंतील स्नेह्यांनीं खटपट करून त्यांस न्यूयॉर्कला बोलावून घेतलें. १२ जून रोजीं ते तेथें पोहोंचले. राहावयास उत्तम खोली, भोंवतीं मायेचीं माणसें, पुढ्यांत सुरक्षित काम. आणि तरीही त्यांचा जीव रमेना. मायदेशाची बातमी मिळावी म्हणून ते वर्तमानपत्रें चाळीत, पत्रांची वाट पाहत, आणि रोजच्या वचनापुढें बसत. ज्यांना आपण मागें ठेवून आलों, त्यांच्यासाठीं येथें सुखांत बसून प्रार्थना करावयाची, हें त्यांना सोसवेना.

२० जून रोजीं त्यांनीं यजमानांस भेटून तेथील काम स्वीकारण्यास नकार दिला. त्यानंतर सहा दिवसांनीं, २६ तारखेस, त्यांच्या वाचनांत पौलानें तीमथ्यास लिहिलेलें दुसरें पत्र आलें. हिवाळा लागण्यापूर्वीं येऊन पोहोंचण्याविषयीं तुरुंगांतील वृद्ध पौलानें आपल्या तरुण शिष्यास केलेली विनवणी त्यांत आहे. तें वाक्य दिवसभर त्यांचा पिच्छा सोडीना. रजेवर घरीं आलेला शिपाई जसा सारें सुख असूनही परत आघाडीकडे ओढला जातो, तसें आपलें झालें आहे, असें त्यांनीं दैनंदिनींत नमूद केलें. तो निरोप आपल्यालाच आहे असें मानलें, तर त्यांत शास्त्राचा दुरुपयोग नाहीं, असेंही त्यांनीं लिहिलें.

या दोन तारखांचा क्रम वाचकांनीं ध्यानांत घ्यावा. आधीं निश्चय झाला, मग तें वाक्य समोर आलें. म्हणजे वचनानें कौल दिला आणि माणूस उठून चालूं लागला, असें घडलें नाहीं. कित्येक वर्षें रोज वाचून, मनन करून, माणसांस प्रार्थनेंत घेऊन जें मन तयार झालें होतें, त्यानें निर्णय केला. वचनानें त्या निर्णयास बळ दिलें. शिवाय आपल्या निर्णयाचीं खरीं कारणें आपणांस पुरतीं कळलीं आहेत, असा अभिमानही त्यांनीं धरला नाहीं. देवानें मला सांगितलें म्हणून मीं केलें, असें म्हणून जबाबदारी झटकून टाकणाऱ्यांपैकीं ते नव्हते. राइनहोल्ड नीबूर या अमेरिकन स्नेह्यास त्यांनीं कळविलें कीं, या संकटकाळांत मी देशबांधवांच्या दुःखांत वांटेकरी झालों नाहीं, तर युद्धानंतर तेथील धर्मजीवन पुन्हां उभारण्यांत भाग घेण्याचा मला अधिकार राहणार नाहीं. जुलैच्या आरंभीं ते आगबोटींत बसले आणि महिनाअखेरीस बर्लिनला पोहोंचले. १ सप्टेंबर रोजीं युद्धास तोंड लागलें.

पुढील कथा दुःखाची आहे. हिटलरविरुद्धच्या गुप्त कटांत ते सामील झाले, आणि १९४२ मध्यें कांहीं ज्यूंना स्वित्झर्लंडमध्यें सुखरूप पोहोंचविण्याच्या कामांतही त्यांचा हात होता. ५ एप्रिल १९४३ रोजीं त्यांस अटक झाली. बर्लिनच्या टेगेल तुरुंगांतही तो रोजचा वचनांचा ग्रंथ त्यांच्याजवळ असे. २० जुलै १९४४ रोजीं हिटलरवरील बाँबचा प्रयत्न फसला. आपला अंत आतां जवळ आला, हें त्यांना कळून चुकलें. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं आपल्या मित्रास लिहिलेल्या पत्रांत त्या दोन दिवसांच्या वचनांचा आवर्जून उल्लेख आहे. रथांवर नि घोड्यांवर भरंवसा ठेवणाऱ्यांचें एक, आणि प्रभु मेंढपाळ असल्याचें दुसरें, अशीं तीं वचनें होतीं. वर्ष उजाडण्यापूर्वींच छापून ठेवलेलें तें पान त्या भयंकर दिवसाशीं असें येऊन भिडलें.

८ एप्रिल १९४५ हा ईस्टरनंतरचा पहिला रविवार. बव्हेरियांतील शोनबर्ग गांवच्या एका शाळेंत कांहीं राजबंद्यांस ठेवलें होतें. त्यांत बॉनहोफरही होते. सोबत्यांनीं प्रार्थना चालविण्याची विनंती केली. ते प्रथम कचरले. कारण बंद्यांपैकीं बरेच कॅथलिक पंथाचे होते, आणि एक तरुण रशियन अधिकारी तर नास्तिक. आपली प्रार्थना त्यांच्यावर लादूं नये, असें त्यांना वाटलें. त्या रशियन गृहस्थानेंच संमति दिली, तेव्हां त्यांनीं त्या दिवसाचीं वचनें घेतलीं. एक दुसऱ्याच्या जखमांनीं आपण बरे होण्याविषयींचें, आणि दुसरें जिवंत आशेविषयींचें. तीं त्यांनीं सर्वांना समजावून सांगितलीं. प्रार्थना संपते न संपते तोंच दोन पहारेकऱ्यांनीं येऊन त्यांस चलण्यास सांगितलें. दुसऱ्या दिवशीं, ९ एप्रिल रोजीं, फ्लोसेनबुर्ग छावणींत त्यांस फांशी देण्यांत आलें. वय ३९. पुढें दोनच आठवड्यांत अमेरिकन सैन्यानें ती छावणी मुक्त केली.

त्याच वर्षीं मे महिन्यांत, युद्ध संपतां संपतां, हेर्नहूट गांवाचा मध्यभाग आगींत भस्मसात् झाला, प्रार्थनागृहही जळालें. पुढें तें पुन्हां बांधलें गेलें. २०२४ सालीं युनेस्कोनें त्या गांवास जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें. रुप्याच्या पात्रांतून चिठ्ठ्या अजून निघतात.

आतां आपल्या घराकडे येऊं. आपल्यापुढें त्या मानानें फार लहान प्रसंग असतात. आगबोटींत बसण्याची वेळ आपल्यावर येणार नाहीं. पण देवघर आणि ओटी यांतील माजघर ओलांडण्याची वेळ रोज येते. आपल्याला एवढें सहज करतां येईल: सकाळीं जो समास किंवा ज्या ओव्या वाचल्या जातील, त्या घरांतील सर्वांस ऐकूं येतील अशा वाचाव्या, आणि त्याच बैठकींत दिवसाच्या बातम्यांपैकीं एकच बातमी घ्यावी. ती शक्य तों आपल्या हाताच्या टप्प्यांतली असावी. गांवांत कोणाचें घर पडलें, कोणाची नोकरी गेली, कोणाचा मुलगा शाळा सोडून बसला. मग आजोबांनीं नातवाला विचारावें, 'आज वाचलेल्या ओवीला यांत कांहीं सांगावयाचें आहे काय रे?' पुष्कळदां उत्तर सुचणार नाहीं. सुचलें नाहीं तरी बिघडत नाहीं; त्या माणसाचें नांव तर घरांत घेतलें गेलें! सूनबाई कदाचित् सांगतील कीं, तो गृहस्थ म्हणजे आपल्या भाजीवाल्या बाईंचा भाऊच आहे, आणि ही गोष्ट घरांत दुसऱ्या कोणाला ठाऊकही नसेल.

हेर्नहूटची ती पहिली फेरी ३२ घरांची होती. आपल्या वाड्यांत, आळींत किंवा चाळींत तेवढीं बिऱ्हाडें सहज असतात. त्यांपैकीं किती दारांत आपण गेल्या महिन्याभरांत नुसती विचारपूस करावयास म्हणून उभे राहिलों, तें उद्यां पोथी उघडण्यापूर्वीं एकदां बोटांवर मोजून पाहावें.